ठेसन सोडू नको

प्रिय मामा,

उद्या पहाटे मी मामीला घेऊन निजामाबादला निघाले आहे. दुधनीपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे. तुम्ही गेल्यापासून या घरातलं कुणी मुरुमच्या शिवेबाहेर पडलं नव्हतं. आता पडतोय ते नेमकं त्याच वाटेनं.

मामी पितळी डबा घासत बसली आहे. त्यात तिला माती आणायची आहे. बसूला निजामाबादच्या तुरुंगाशेजारीच पुरलं, असं तुम्ही तिला सांगितलंत. तिथली मूठभर माती आणून शेतात तुमच्या समाधीपाशी घालायची, म्हणजे बापलेक एका जागी आले, असं तिच्या मनानं घेतलं आहे. मी किती टाळलं! पाऊस उघडू दे म्हटलं, दिवाळी होऊ दे म्हटलं. शेवटी ती म्हणाली, "गिरजा, तुला याचं नसंल तर नगं येऊ. म्या एकली जाते. इचारत इचारत मानूस काशीला जातंय."

तिनं कुणाला विचारू नये, म्हणूनच मी बरोबर निघाले. बसू त्या तुरुंगाशेजारी नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. आता तुम्ही नाही. एवढं मोठं ओझं एकटीच्या डोक्यावर देऊन गेलात, मामा. निदान कुणाशी तरी बोलावं म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

लग्न होऊन तुमच्या घरी आले तरी मी तुम्हाला मामाच म्हणत राहिले. तुम्ही आईचे सख्खे भाऊ, आणि आपल्यात मामाच्या घरी मुलगी देतातच. त्यामुळं हाक तीच राहिली. बाकीचं मात्र बदललं. भाची होते तेव्हा तुमच्या मांडीवर बसून तुमच्याशी भांडत होते. सून झाल्यावर तुमच्यासमोर पदर पुढं ओढून उभी राहायला लागले. हे मी आज मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या दिवशी नामपल्लीला हाच पदर आडवा आला.

आठवतं का, आडत बंद झाली की दिवेलागणीला तुम्ही ओट्यावर बसायचात, आणि मी आणि बसू तुमच्या दोन बाजूंना? दुसऱ्यांच्या घरी म्हातारी माणसं देवादिकांच्या गोष्टी सांगत. तुम्ही हैदराबादच्या स्टेशनांच्या सांगायचात. पोती शिवायची सुतळी घेऊन जमिनीवर रूळ मांडायचात आणि शेंगदाण्यांची स्टेशनं करायचात. मामी आतून म्हणायची, "घरातलं तेल सपलंय, आन् ह्यांचं हैद्राबाद चाललंय." तुम्ही तिकडं कान द्यायचा नाहीत, आणि तीही तुमच्या स्टेशनांच्या नावांकडं कधी कान द्यायची नाही.

पहिला शेंगदाणा सिकंदराबाद. वाडी जंक्शनाहून रूळ आले ते आधी तिथं, गोऱ्या पलटणीच्या छावणीपाशी. "गोऱ्याच्या बुटाला चिखुल लागू ने म्हनून," असं तुम्ही म्हणायचात. तोवर आपल्या भागातलं धान्य बैलांच्या पाठीवरून जायचं. तुमच्या आजोबांनी पहिल्यांदा रेल्वे पाहिली आणि म्हणाले, "लोखंडावरनं माल जाईल खरं, पर त्यो गिऱ्हाईकाशी बोलंल का?" त्यानंतर ते जन्मभर रेल्वेत बसले नाहीत म्हणे.

दुसरा शेंगदाणा नामपल्ली. निजामाच्या राजधानीला स्वतःचं स्टेशन नको का? छावणीच्या स्टेशनावर उतरून शहरात यायचं म्हणजे शेजाऱ्याच्या दारातून आपल्या घरात शिरायचं. म्हणून शहराला लागून नामपल्ली बांधलं. तिथं सुरुवातीला मालच फार उतरायचा, असं तुम्ही सांगायचात, आणि त्यात आपली तूर असायची, हे सांगताना मिशीवरून हात फिरवायचात. तरुणपणी तुम्ही तुमच्या वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलात ते तिथंच. चुन्याचा वास अजून भिंतींना होता म्हणालात. पाटीवर हैदराबाद लिहिलेलं. आपल्या पोत्यांवरही तुम्ही काळ्या रंगानं हैदराबाद लिहायचात आणि पोती बिनचूक नामपल्लीला पोचायची. आपलं ठेसन म्हणायचात तुम्ही त्याला.

आणि तिसरा काचीगुडा. मनमाडकडून औरंगाबाद, नांदेड, निजामाबाद करत येणारी गाडी तिथं थांबते. घुमट, मिनार, पडद्यातल्या बायकांना उतरायला वेगळी सोय. महालासारखं स्टेशन, पण रूळ बारके आणि गाडीही बारकी. "मांडव थोर आन् नवरदेव ल्हान," असं तुम्ही म्हणालात की बसू खो खो हसायचा. इतका वेळ दम धरलेला असायचा, तो सिकंदराबाद उचलून तोंडात टाकायचा. तुम्ही म्हणायचात, "गाढवा, छावनी खाल्लीस की रं!"

मग तुम्ही दोन सुतळ्या नामपल्लीच्या रुंद रुळांसारख्या अंतर ठेवून मांडायचात आणि दोन जवळ. जवळच्या सुतळ्यांवर बोट ठेवून आम्हाला विचारायचात, "ही बारकी गाडी नामपल्लीला जाईल का?" आम्ही दोघं एका सुरात ओरडायचो, न्हाय जानार! तुम्ही आमच्याकडून हे इतक्यांदा म्हणवून घेतलंत की झोपेतही मला ते सांगता आलं असतं.

मग तुम्ही कसे विसरलात, मामा?

एक वर्ष उलटून गेलं, तरी हा प्रश्न जात नाही. भाकरी थापताना येतो, पाणी भरताना येतो. तुम्ही अडाणी असतात, शहर न पाहिलेले असतात, तर मी नशिबाला दोष दिला असता आणि मोकळी झाले असते. पट्टीचा पोहणारा बुडतो म्हणतात. पण बुडतो तो स्वतः. तुम्ही काठावर राहिलात आणि बसू बुडाला.

बाजारात तिरंगा झेंडा लावला म्हणून निजामाच्या पोलिसांनी त्याला धरून नेलं तेव्हा आमच्या लग्नाची हळद जुनी झालेली नव्हती. हैदराबाद भारतात आलं, कैदी सुटायला लागले, आणि बसूचं कार्ड आलं. ताप हटत नाही, सोडताहेत, हैदराबादपर्यंत कसाबसा येतो, पुढं एकट्यानं जमणार नाही. तुम्ही तसेच दुधनीला गेलात आणि तार केलीत. घरी येऊन मामीला सांगितलंत ते शब्द मी स्वयंपाकघरातून ऐकले. "हैद्राबाद ठेसनात बसून ऱ्हा म्हनलंय. ठेसन सोडू नको, म्या येतो, आसं लिवलंय."

मामीला यायचं होतं. पण ते दिवस घर उघडं टाकण्याचे नव्हते. आजारी माणसाजवळ बाईमाणूस हवं म्हणून मला घेतलंत. मला काय आनंद झाला होता! त्याचं धुतलेलं धोतर, पेजेसाठी जुने तांदूळ, शेंगाचटणी, सगळं एका गाठोड्यात बांधलं. वाटेत जकातीच्या शिपायानं ते गाठोडं उसकटलं तर मला रडू आलं. तुम्ही म्हणालात, "रडू नगंस, बसूच्या हातनं पुन्ना बांदून घे."

नामपल्लीला उतरलो ती सकाळची वेळ होती. तुम्ही मला एका बाकावर बसवलंत आणि फलाटावर असे फिरायला लागलात, जसे आपल्या आडतीत फिरता. वाडीकडची गाडी आली, तुम्ही प्रत्येक डब्यात डोकावलात. सिकंदराबादकडून आली, तिच्यातही डोकावलात. बसू, बसू, अशी तुमची हाक ऐकू यायची. माणसं उतरायची, भेटायची, निघून जायची, आणि आपण दोघंच मागं राहायचो. गाडी चुकली असंल, उद्याला येईल, असं तुम्ही म्हणत राहिलात. तुम्ही कुणालाही विचारलं नाहीत. ज्याला सगळं ठाऊक असतं तो कुणाला आणि काय विचारणार?

दुपार कलली तेव्हा मी बोलले. आठवतं ना? पदराआडून, जमिनीकडं बघत म्हणाले, "मामा, निजामाबादची गाडी बारक्या रुळाची न्हवं का?"

तुम्ही वळून बघितलंत. तुमचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. "तू गप बस. तारंत हैद्राबाद लिवलंय. हैद्राबाद म्हंजे हेच."

मी पदर आणखी पुढं ओढला. ओट्यावरची गिरजा असती तर तिनं तुमचं उपरणं ओढून तुम्हाला टांग्यात बसवलं असतं. पण मी सून होते. सासऱ्याची चूक चारचौघांत दाखवायची नसते, हे मामीनं मला शिकवलेलं, आणि ते मला चांगलं शिकवलं असं तुम्हीच लोकांना सांगायचात.

रात्र त्या बाकावर काढली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर एका हमालालाच आपली कीव आली. त्यानं तुम्हाला विचारलं, कुणाची वाट बघताय. तुम्ही निजामाबादची गाडी म्हणालात. तो म्हणाला, "अरे सेठ, वो गाडी तो काचीगुडे को आती. यहाँ कायकू बैठे?"

मी तुमच्याकडं बघत होते. चूक कळायला माणसाला वेळ लागतो. तुम्हाला तेवढाही लागला नाही, कारण खरं काय ते तुमच्या आत आधीपासून होतंच. तुम्ही गाठोडं बाकावरच सोडून चालायला लागलात आणि ते मला उचलावं लागलं.

टांग्यात तुम्ही एकच वाक्य घोकत होतात. "त्येला ठावं हाय की मला ठावं हाय." तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. नंतर लागला. काचीगुड्याला उतरल्यावर बसूला कळलंच असणार की वडील इथं येतील, कारण बारकी गाडी कुठं येते हे वडिलांनीच शिकवलंय. त्याला एकदाही वाटलं नसेल की तुम्ही नामपल्लीला बसला असाल. त्याचा तुमच्यावर किती विश्वास होता, मामा!

ते घुमट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तुम्ही सांगायचात तसेच होते.

फलाटाच्या टोकाला एका खांबापाशी त्याला चादर घालून ठेवलं होतं. सकाळीच गेला होता. गळ्यातलं लिंग बघून हमालांनी बाजारातल्या आपल्या लिंगायत माणसांना बोलावणं पाठवलं होतं, म्हणून तो हाती तरी लागला. त्या हमालांतला एक म्हातारा तुमच्यासमोर उकिडवा बसला आणि सांगायला लागला. "हम बोले, दवाखाने को चल बेटा. नक्को बोला. बाप आरै बोला. ठेसन नक्को छोड़ बोलके तार आई बोला." तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. त्याला वाटत होतं, मुलगा किती आज्ञाधारक होता हे ऐकून बापाला बरं वाटेल.

त्याला त्या शहरातच, आपल्या रीतीनं बसवून पुरलं. आपल्या शेतात नाही, आपल्या माणसांत नाही. तुम्ही त्याच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलंत, विभूती लावलीत, आणि माती लोटायची वेळ आली तेव्हा मागं सरून उभे राहिलात. ती माती परक्या माणसांनी लोटली.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसला होतात. वाडी आली तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणालात, "मामीला सांगायचं, ठेसनात आला न्हाय म्हनून आपन निजामाबादला गेलो, तर त्यो तुरुंगातच गेला हुता. आपन पोचायच्या आदीच." मी मान हलवली. तुम्ही एवढंच बोललात. माझा नवरा गेला होता, मामा. तुमच्या बहिणीच्या पोरीचं कपाळ पुसलं गेलं होतं. गिरजा, तू कशी हाईस, एवढं विचारता आलं नाही का तुम्हाला? मी मुरुमपर्यंत वाट बघितली. मग सोडून दिली.

हे खोटं तुम्ही कुणासाठी बोललात, हे मला अजून उमगत नाही. मामीला दुःख कमी व्हावं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. कमी झालं का? ती वर्षभर त्या तुरुंगाला शिव्याशाप देत राहिली. गावानं बसूला हुतात्मा केलं. चावडीपुढं सभा झाली, तुमच्या गळ्यात हार घातला. तुम्ही तो हार घरी आल्याबरोबर गोठ्यात म्हशीपुढं टाकलात. मामीला वाटलं, दुःखानं वेड लागलंय. मी मात्र दाराआड उभी होते आणि मला तुमची कीव आली. त्याच वेळी रागही आला. दोन्ही एकदम येतं, मामा. वेगळं करता येत नाही.

त्यानंतर ओट्यावर कुणी रूळ मांडले नाहीत. शेजारची पोरं येऊन म्हणायची, हैदराबादचं सांगा की. तुम्ही उठून आत जायचात. पोत्यांवर नाव लिहायचं कामही तुम्ही गड्याकडं दिलंत. जेवण तुटलं. वैद्यानं नाडी बघून काही नाही म्हणून सांगितलं. शेवटच्या तापात तुम्ही बडबडत होतात, काचीगुडा आलं का, काचीगुडा गेलं का. मामी तुमच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत मला म्हणाली, "ह्ये काचीगुडा म्हंजे काय गं?"

मी म्हणाले, "गाव आसंल कुठलं तर."

तुमचं खोटं तेव्हापासून माझंही झालं. आणि तुम्ही डोळे मिटलेत. मला एकदा तरी म्हणायचं होतं, मामा, तुम्ही चुकलात. तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं, गिरजा, म्या चुकलो. दोघांतलं एकही झालं नाही.

आता उद्याचं ऐका. निजामाबादला जायचं तर वाट कुठली? तुम्हीच शिकवलेली. वाडीवरून मोठ्या रुळाची गाडी नामपल्लीला. तिथं उतरायचं, टांगा करायचा, अख्खं शहर ओलांडायचं आणि काचीगुड्याला बारक्या गाडीत बसायचं. तुमच्या खोट्यापर्यंत जायला खऱ्यावरूनच जावं लागतं. दुसरी वाट मी किती शोधली! सिकंदराबादला गाडी बदलता येईल, हे सुचलं. पण ती गाडीही काचीगुड्याहूनच येणारी; शेजारचा उतारू बोलेल, हमाल बोलेल, पाटी वाचून कुणी सांगेल. काचीगुडा हे नाव कानावर पडलं की मामी थबकणार. तुमच्या तोंडचे शेवटचे शब्द ती विसरलेली नाही. ती अडाणी आहे, पण दोन आणि दोन तिला तुमच्यापेक्षा लवकर कळतात.

आणि कळलं नाही तरी पुढं काय? तुरुंगाच्या भिंतीपाशी मी तिला वाकू देऊ? कुणाची तरी माती ती डब्यात भरेल, पदरानं झाकून मांडीवर धरून आणेल, आणि मी शेजारी बसून बघत राहू? एवढं माझ्याच्यानं होणार नाही, मामा. तुमच्यासाठीही होणार नाही.

म्हणून मी ठरवलं आहे. काचीगुड्याला त्या खांबापाशी मी तिला बसवीन आणि सांगीन. मग जिथं तो खरा आहे तिथं नेईन. पुढं गाडीत बसायचं कारण उरणार नाही.

ती रडेल, त्याची मला भीती नाही. ती रडायची थांबेल आणि विचारेल, "त्येस्नी तर समदं ठावं हुतं. मग तिकडं का न्हाय गेलं?" तेव्हा मी तुमच्या बाजूनं काय बोलू? पुत्रप्रेमानं भान गेलं म्हणू? पोत्यावर हैदराबाद लिहायची जन्माची सवय म्हणू? की सुनेनं विचारलं आणि सासऱ्याला ते खपलं नाही, हे सांगू? मला खरंच माहीत नाही. बरं वाटावं असं काही तुम्हाला लिहायला बसले होते, पण तसं काही सापडलं नाही.

रोज सकाळी मामी शेतात जाते आणि तुमच्या समाधीवर तांब्याभर पाणी घालते. हैदराबादहून आल्यावर ती घालेल का, हे मला सांगता येत नाही. तिला घाल म्हणून मी सांगणारही नाही. तुम्हाला एवढंच वचन देते: तिनं नाही घातलं, तर मी घालीन. राग जाणार नाही, तरी घालीन.

तुमची भाची, आणि तुमची सून,
गिरजा